आण्णाची माळ आणि माझी गोळी

तुमच्या घरात कुणीतरी पितं, म्हणूनच हे वाचायला घेतलंत. नाहीतर मंडपवाल्यानं लिहिलेलं कोण वाचतं?

मी बालाजी. केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या अलीकडं आमचं गाव. लग्न असो, बारसं असो, सप्ताह असो नाहीतर पुढाऱ्याची सभा, आसपासच्या दहा गावांत मंडप आमचा. आमचा म्हणजे माझा आणि आण्णाचा. आण्णा माझा थोरला भाऊ. दोघं मिळून बांधायचो आणि दोघं मिळून प्यायचो. मला न पिता आता चौथं वर्ष लागलं. आण्णाचा भिंतीवर फोटो आहे.

दारू कशी सुटते याचं एकच उत्तर असतं, तर मी एका चिठ्ठीवर लिहून दिलं असतं आणि तुमचा वेळ घेतला नसता. आमच्या घरात सगळी उत्तरं वापरून झाली. काही फुकट गेली, काही लागू पडली, आणि एक चांगलं चाललेलं मी माझ्या हातानं मातीत घातलं. ते शेवटी सांगतो. त्याला धीर लागतो, म्हणून आधी बाकीचं.

थरथर

मंडपाचं सगळं काम गाठीचं. कापड कितीही झुळझुळीत लावा, गाठ कच्ची असेल तर सगळं वाया. मला गाठ मारायला आण्णानं शिकवलं. तरी आमच्या गाठी वेगळ्या. आण्णा दोरीचं शेवटचं टोक आत दुमडायचा, मी बाहेर लोंबतं ठेवायचो. कुठली कुणाची हे आम्हाला लांबूनच कळायचं.

लोक म्हणतात दारू पिऊन हात थरथरतात. माझं उलटं होतं. सकाळी पोटात काही नसलं की थरथरायचे, दोन घोट गेले की गपगुमान कामाला लागायचे. मी हात थांबावेत म्हणून प्यायचो. हे माझ्या बायकोला, सुनंदाला, एकदा खरंखरं सांगितलं तर ती म्हणाली, "वा! आता औषध म्हनून पिता व्हय?" ती चिडून बोलली, पण बोलली ते खरं होतं.

दिंद्रुडला एका लग्नाचा मंडप होता. दुपारचा मुहूर्त. त्या दिवशी सकाळी बाटली मिळाली नव्हती आणि मी तशाच हातांनी जेवणाच्या बाजूच्या दोऱ्या बांधल्या. पंगत बसली आणि वावटळ सुटली. एक पाइप कापडासकट खाली आला. नवरीची आजी पानावर बसली होती, तिचा हात मोडला. आरडाओरडा, वरणभातात माती, लहान पोरं रडतायत. मुलीचा चुलता आमच्याकडं धावत आला.

"कुनी बांधली बे ही बाजू?"

मी खांबामागं उभा. आण्णा पुढं झाला आणि म्हणाला, "गाठ माजी हाय. माजी चूक."

त्याच्या कानाखाली दोन बसल्या. टोपी उडाली. त्यानं ती उचलली, झटकली, आणि त्या आजीला जीपमध्ये बसवायला गेला. सुटलेल्या दोरीचं टोक बाहेर लोंबत होतं. त्याला दिसलं होतं, मलाही दिसलं होतं. घरी येताना मी म्हटलं, "आण्णा, ती गाठ..." तर म्हणाला, "गप बस. आता हितून फुडं मंडपात असं व्हायचं न्हाई, एवढं बग."

ज्याचं त्याचं औषध

दिंद्रुडनंतर घरात पंचायत बसली. तशी ती आधीपासूनच बसलेली होती म्हणा.

माझ्या मायच्या मते हे बाहेरचं होतं. कुणीतरी करणी केली, नाहीतर एका आईच्या पोटची दोन्ही लेकरं एकाच वाटेनं कशी जातील? लिंबू उतरवून झाले, अंगारा झाला. मी अंगारा लावून प्यायचो.

मामाच्या मते हा सरळसरळ माज होता. "पायताणानं हाना, दोन दिवसांत सुटंल." मला एका केंद्रात टाकलं ते मामानंच. नाव सांगत नाही. शिट्टी वाजली की उठायचं, शिट्टी वाजली की जेवायचं, आणि हात थरथरला की नाटक करतो म्हणून ओणवं उभं करायचं. तिथं मी दीड महिना प्यायलो नाही, कारण तिथं दारूच नव्हती. सुटल्यावर केजच्या स्टँडवर उतरलो तो थेट दुकानातच. मामा म्हणाला, "मार कमी पडला."

सुनंदानं बाजारातून कसलीशी पुडी आणली आणि मला न सांगता वरणात कालवली. मला मळमळ सुटली, मी छडा लावला, आणि त्यानंतर सहा महिने मी घरातलं जेवण आधी तिला खायला लावायचो आणि मग जेवायचो. विचार करा, काय संसार असेल तो. तिनं ते माझ्या भल्यासाठी केलं होतं, आणि मी तिच्यावर हात उचलला होता. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण गाळलं तर बाकीचं खोटं पडेल.

सप्ताह

त्याच वर्षी गावात हरिनाम सप्ताह होता. मंडप आमचाच. आण्णानं ठरवलं की शेवटच्या दिवशी महाराजांच्या हातून तुळशीची माळ घालायची. आमच्याकडं माळ घातली की दारू, मटण बंद. तो शब्द देवाला दिलेला असतो आणि सगळ्या गावासमोर दिलेला असतो. माळ घातलेल्या माणसाला कुणी पाजायला जात नाही. नुसता गळा बघून लोक पेला मागं घेतात.

"आपन दोगं बी घालू," आण्णा म्हणाला.

मी हो म्हटलं. त्या सकाळी मी प्यायलो. दारू पिऊन माळेला गळा पुढं करायचा नाही, एवढी अक्कल शिल्लक होती. मी मंडपाच्या मागच्या कनातीआडून बघत होतो. आण्णा पांढरी टोपी घालून बसलेला, महाराजांनी माळ गळ्यात घालून मागं गाठ मारली, टाळ वाजले. वैनी, म्हणजे आण्णाची बायको, बायकांमध्ये बसून पदरानं डोळे पुसत होती. सुनंदा तिच्या शेजारी कोरड्या डोळ्यांनी माझी वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं माझे कपडे पिशवीत भरले आणि म्हणाली, "देवाकडं गेला न्हाईत, आता सरकारी दवाखान्यात चला. नायतर मी चालले माहेरी, मग बसा पीत."

केसपेपर

जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम वयानं लहान. चष्मा डोक्यावर चढवलेला. मला वाटलं, ही पोरगी आता भाषण ठोकणार. तिनं भाषण दिलं नाही. किती पिता, कधीपासून, सकाळी हात थरथरतात का, न पिता भास होतात का, झोप लागते का. इतक्या वर्षांत मला कुणी "कावून पितो?" याशिवाय काही विचारलंच नव्हतं. थरथरीबद्दल विचारल्यावर मला रडू आलं. मी सांगितलं की मी हात थांबावेत म्हणून पितो. तिनं मान हलवली आणि लिहून घेतलं. नाटक म्हणाली नाही.

मग म्हणाली, "हा आजार आहे, बालाजी. साखरेचा असतो, बीपीचा असतो, तसा. उपचार आहेत."

काय सांगू! डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून खाली ठेवल्यासारखं झालं. मी नालायक नाही, मी आजारी आहे! मी सुनंदाकडं विजयी मुद्रेनं बघितलं.

सुनंदा मॅडमकडं बघत होती. "आजार हाय म्हनता तुमी. मग मला मारलं ते कुनी? आजारानं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "नाही. ते यांनीच मारलं."

ओझं परत डोक्यावर आलं, पण आता निम्मं. निम्मं उचलता येतं. पुढं मी लई लोकांची लई मतं ऐकली, पण त्या दोघींच्या त्या दोन वाक्यांत सगळं होतं असं मला अजून वाटतं.

अकरा दिवस

वॉर्डात अकरा दिवस होतो. पहिल्या तीन दिवसांचं मला नीट आठवत नाही. भिंतीवर मुंग्या दिसायच्या, त्या अंगावर यायच्या, मी झटकत बसायचो. सुनंदानं नंतर सांगितलं की मी पलंगाला मंडप समजून चादरीच्या दोऱ्या बांधत होतो.

चौथ्या दिवशी माणसात आलो. सकाळी सुई, मग पांचट चहा, मग गोळ्या, मग मॅडमचा राउंड, मग दिवसभर पंख्याकडं बघणं. भीती वाटायची. दारूविना माझं काय उरतं, याची भीती. गोळ्यांनी शरीर ताळ्यावर येत होतं, पण संध्याकाळचे चार-साडेचार वाजले की जीव नुसता कासावीस व्हायचा.

वॉर्डात झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. मी हातांकडं बघत बसलेलो त्यांनी बघितलं. विचारलं, "काय काम करतु?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बँडेजच्या कापडाची एक लांब पट्टी आणून माझ्या पुढ्यात टाकली. "हं. मार गाठी." मी पलंगाच्या दांडीला दिवसभर गाठी मारायचो आणि सोडायचो. आठव्या दिवशी गाठ मनासारखी बसली. मी मावशींना हाक मारून दाखवली. त्या म्हणाल्या, "बसली बग. आता फरशी पुसू दे, पाय वर घे."

आण्णा भेटायला यायचा. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. गळ्यात नवी माळ, तिला सारखा हात लावायची सवय लागलेली. त्याचेही हात थरथरत होते, पण तो काही न घेता तसाच काढत होता. नुसत्या नामावर. मॅडम त्याला म्हणाल्या, "तुम्हीपण दाखवून जा, अचानक बंद करणं धोक्याचं असतं." आण्णा हसला. "माज्या गळ्यात डॉक्टर हाय, मॅडम."

मग माझ्याकडं वळून म्हणाला, "बाळ्या, तुजी गोळी आन् माजी माळ. बगू कोन टिकतंय."

मी आधी पडलो

चार महिने मी कोरडा राहिलो. मग निवडणूक आली. सभेचा मंडप उतरवत होतो, कार्यकर्ते गाडीतून बाटल्या वाटत होते, आणि एकानं माझ्या हातात दिली. माझ्या गळ्यात माळ नव्हती ना, त्याला काय माहीत. एवढंच कारण. मोठं काही घडलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आण्णानं मला उसाच्या फडाच्या कडेला शोधून काढलं. मी म्हटलं, "आण्णा, मी हरलो." त्यानं काही ऐकलं नाही. विहिरीवर नेऊन अंघोळ घातली, स्वतःचा सदरा घातला, आणि जीपमधून दवाखान्यात घेऊन आला. अख्ख्या रस्त्यात माझा दंड धरून बसला होता. शेजारी बसलेली बाई तोंडाला पदर लावून सरकली, तर तिला म्हणाला, "बाई, भाऊ आजारी हाय माजा."

मॅडमसमोर मी मान खाली घालून उभा. त्या म्हणाल्या, "आलात ना? बसा. चार महिने राहिलात ते कुणी काढून घेतलं का तुमच्याकडून? ते तुमचेच आहेत. आता पुढचे बघू."

बाहेर आल्यावर आण्णा चहा पिताना म्हणाला, "तुमचा देव लई सोपा हाय बे. आमचा एवढा सोपा न्हाई."

मी हसलो. ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं, हे तेव्हा मला कळलं नाही.

त्यानंतर मी केजला शाळेच्या एका खोलीत रविवारच्या बैठकीला जायला लागलो. सगळे पिणारेच, सोडलेले आणि सोडू बघणारे. एक निवृत्त गुरुजी चहा करायचे. तिथं पाप म्हणत नाहीत, माज म्हणत नाहीत, आजार की सवय यावरही घोळ घालत नाहीत. फक्त विचारतात, आजचं काय? आज नाही ना घेतली? मग बस झालं. ते मला मानवलं. गोळी, बैठक आणि सुनंदाचा धाक, या तिन्हींवर मी वर्ष काढलं. वर्ष झाल्यावर गुरुजींनी मला नवीन माणसांपुढं बोलायला उभं केलं. लोक मान डोलवायचे. मी लई शहाणा झालो. बाजारात कुणी झोकांड्या देताना दिसला की मला त्याची कीव यायची, आणि ती कीव मला आवडायला लागली. दारू सुटल्यावर हा दुसरा रोग होतो. त्याबद्दल मॅडमनी सांगितलं नव्हतं.

आण्णा पडला

आण्णाला माळ घालून दीड वर्ष झालं होतं. एका दुपारी मी मंडपाच्या शेडमध्ये कापडाच्या घड्या घालत होतो. आण्णा दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. वास माझ्यापर्यंत आला.

"बाळ्या, चूक झाली रे."

आता नीट ऐका. हाच माणूस दिंद्रुडला माझ्यासाठी पुढं झाला होता. यानंच मला फडातून उचलून अंघोळ घातली होती. आणि तो सगळ्या गावात दुसऱ्या कुणाकडं न जाता माझ्याकडं आला होता. बायकोकडं नाही, महाराजांकडं नाही. मला काय करायचं ते माहीत होतं. मॅडमनी माझ्यासमोर करून दाखवलं होतं. आलास ना, बस. एवढेच शब्द. मी दर रविवारी ते लोकांना सांगत होतो.

माझी नजर गेली त्याच्या गळ्याकडं. तोंडाला दारूचा वास आणि खाली माळ. लहानपणापासून मनात बसलेलं होतं की बाटलेल्या गळ्यात माळ ठेवायची नसते, सगळ्या घराला लागतं.

मी म्हटलं, "आधी ती माळ काढ. तुझं राहू दे, माळेला कावून बाटवतो?"

आण्णा आत आला, माझ्यासमोर खाली बसला आणि मान वाकवली. "मला न्हाई काढायला व्हनार. तूच काढ."

महाराजांनी मारलेली गाठ दीड वर्षात घट्ट झाली होती. घामानं, तेलानं. पण मी गाठींचा माणूस. नखानं एक बाजू सैल केली, टोक मागं ओढलं, सुटली. हात माझे जराही थरथरले नाहीत. किती चांगला बरा झालो होतो मी!

मी माळ धुतली, फडक्यात गुंडाळली आणि पेटीत ठेवली. एवढं होईपर्यंत आण्णा उठून गेला होता. मला वाटलं, आता लाज वाटेल, दोन दिवसांत ताळ्यावर येईल. मामा माझ्याबद्दल असंच म्हणायचा.

नंतर तो थांबलाच नाही. आधी माळ होती तेव्हा निदान चोरून प्यायला होता. आता दिवसाढवळ्या, पारावर बसून. मी तिसऱ्या दिवशी गेलो, हात जोडले, "आण्णा, चल मॅडमकडं, मी आलोय ना तुझ्यासोबत." तर म्हणाला, "तुज्या गोळ्या तुज्यासारख्या आजारी मान्सासाठी. मी आजारी न्हाई बाळ्या, मी बाटलो." दोनदा त्याला उचलून जीपमध्ये घातलं, दोनदा उतरला. तिसऱ्या आठवड्यात दुपारच्या वेळी रक्ताची उलटी झाली. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा जीव होता. मॅडम धावत आल्या, नळ्या लावल्या. त्यांनी मला विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही आणलंत?" मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. संध्याकाळच्या आत आण्णा गेला.

आबा

आमच्या गावात सप्ताहात वीणा धरणारे एक म्हातारे आबा आहेत. पन्नासएक वर्षं गळ्यात माळ. आण्णाचं तेरावं झाल्यावर मी ती माळ घेऊन त्यांच्याकडं गेलो. मनात धरून गेलो होतो की आबांनी म्हणावं, बाळा, बरोबर केलंस, बाटलेली माळ काढावीच लागते. मला तेवढंच ऐकायचं होतं.

आबांनी सगळं ऐकलं. माळ हातात घेतली. मग म्हणाले, "कुनी सांगितलं तुला काढायला?"

"असं असतंय ना, आबा."

"मी दोनदा पिलो माळ घातल्यावर. तरनाताठा होतो. दोन्ही टायमाला गुरूच्या पाया पडलो. गुरू म्हनले, माळ तशीच ऱ्हाऊ दे, चुकल्यालाच तिची जास्त गरज." आबांनी माळ माझ्या हातात परत दिली. "तुज्या भावाला कुनी हे बोललं न्हाई का रे?"

आण्णाचा देवही तेवढाच सोपा होता. अवघड मी केला.

म्हणून तुम्हाला सांगतो. कुणी आजार म्हणू दे, कुणी पाप म्हणू दे, कुणी संगत म्हणू दे, कुणी नशीब म्हणू दे. तुमचं माणूस ज्याच्या आधारानं उभं आहे ते तुम्हाला पटत नसलं तरी त्याला हात लावू नका. आणि पडून तुमच्या दारात आलं तर आधी त्याला बसवा. पाणी द्या. बाकीचं मागून.

वैनी

वरचं सगळं लिहून महिना झाला तरी मी कुणाला दिलं नव्हतं. त्याचं कारण वैनी. माळ कुणी काढली हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं, आणि तिनं न विचारण्यावर मी दोन वर्षं जगलो. तिच्या चुलीवरचा चहा पीत होतो, तिच्या शेतातलं बघत होतो, लोक म्हणायचे काय दीर आहे, आणि मी ऐकून घेत होतो. सुनंदाला मात्र सांगितलं होतं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपेग? जिचा गेला तिला सांगा. न्हाईतर परत प्याल, लिहून घ्या." तिला माझ्या रोगातलं मॅडमपेक्षा जास्त कळतं.

गेल्या सोमवारी सकाळी मी कागद आणि पेटीतली माळ घेऊन वैनीकडं गेलो. ती ज्वारी निवडत होती. मी म्हटलं, वैनी, जरा ऐका, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. दिंद्रुडपाशी ती हसली. "त्यांनी मला सांगितलं हुतं, गाठ तुमची हुती म्हनून." शेडपाशी आलो तेव्हा कागद मिटावासा वाटला. तरी वाचलं. सगळं वाचलं.

सुपातला तिचा हात थांबला होता.

"ते तर म्हनले हुते, मीच काढली," वैनी म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी घरी आले, गळ्याला हात लावून बसले. मी इचारलं, माळ कुठं हाय? म्हनले, मीच काढली, माज्याच हातानं. तुमचं नाव घेतलं न्हाई. मरेपातुर घेतलं न्हाई." तिनं माझ्याकडं बघितलं. "दोन वर्सं मी त्यांनाच बोल लावत हुते, भावजी. फोटोपुढं उदबत्ती लावताना सुद्धा. म्हनायचे, कावून काढलीत माळ, काढायची काय गरज हुती."

मला रडू फुटलं. ती रडली नाही. तिनं मला गप्प केलं नाही आणि माफही केलं नाही. मी मागितलीही नाही, मागायला तोंड नव्हतं. मग तिनं सूप बाजूला ठेवलं, फडकं उघडलं, आणि सुटलेली माळ माझ्यापुढं धरली.

"तुमी सोडली ना? मग बांदा ती गाठ परत."

गळा नव्हता. नुसती माळ, दोन टोकं, आणि माझी बोटं. मी टोक आत दुमडलं, आण्णा दुमडायचा तसं. दोनदा निसटलं. तिसऱ्या वेळी बसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच न पिता, न आजारी असता, माझे हात थरथरत होते. वैनीनं ती माळ माझ्या हातातून घेतली आणि आण्णाच्या फोटोला घातली.